शेवटच्या आधीची बस

प्रश्न : आम्ही चौघे मित्र शहरात राहतो आणि कोणाकडेही स्वतःची गाडी नाही. मागच्या महिन्यात रेल्वे व बसने जाऊन जवळचा एक डोंगर चढलो; परतताना मात्र अंधार पडू लागला आणि अक्षरशः धावत शेवटची बस गाठावी लागली. एका दिवसाच्या अशा भटकंतीची आखणी कशी करावी?

उत्तर : आपण बहुधा सकाळच्या गाडीपासून आखणी सुरू केली असावी. ती परतीच्या बसपासून उलट करत यावी आणि हिशेब शेवटच्या बसचा नव्हे, तर तिच्या आधीच्या बसचा धरावा, म्हणजे ती चुकली किंवा रद्द झाली तरी एक बस हाताशी उरते. वेळापत्रक नेमके त्याच वाराचे पाहावे. एका रविवारी मी स्वतः एका आडबाजूच्या थांब्यावर तासभर ताटकळत बसलो होतो. शेवटी फलकाजवळ जाऊन निरखून पाहिले, तेव्हा माझ्या बसच्या वेळेशेजारी बारीकशी चांदणी आणि तळाशी ‘सुट्टीच्या दिवशी नाही’ अशी ओळ दिसली.

चालण्याच्या वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो : दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल, तर सुमारे साडेतीन तास होतात. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या दमदार माणसाचा आहे. चौघांनी थांबत, खातपीत जायचे तर त्याची दीडपट, म्हणजे पाच तास धरावेत. आधीची बस पावणेपाचला असेल, तर अकराच्या आत पायथ्यापासून निघायला हवे. सकाळची पहिली गाडीच आपल्याला साडेबाराला तिथे पोहोचवत असेल, तर ती वाट त्या दिवसापुरती सोडून द्यावी.

याच उदाहरणात अडीच ही माघारीची वेळ घरूनच ठरवावी. अडीचला जिथे असाल तिथून परत फिरायचे, मग माथा समोर दिसत का असेना. हा निर्णय वर गेल्यावर घेऊ म्हटले, की तो कधीच घेतला जात नाही, कारण चौघांपैकी एकाला तरी ‘आलोच की आता’ असे वाटत असते. उतरताना वेळ भरून काढू, हा हिशेबही धोक्याचा आहे; दमलेले पाय उतारावरच घसरतात.

गाडी नसण्याचा एक मोठा फायदा फारसा कोणी लक्षात घेत नाही : आपल्याला सुरुवातीच्या ठिकाणी परत यावेच लागत नाही. एका स्थानकावरून चढून डोंगरापलीकडच्या दुसऱ्या स्थानकावर उतरता येते. मात्र अर्ध्या वाटेनंतर माघार लांबची ठरते, म्हणून मधून खाली रस्त्यावर उतरणाऱ्या पायवाटा नकाशावर आधीच खुणावून ठेवाव्यात.

प्रश्न : फोनमधला नकाशा पुरेसा आहे का?

उत्तर : नकाशा आधी उतरवून घेतला असेल, तर फोनला रेंज नसतानाही उपग्रहांवरून आपली जागा कळते. अडचण बॅटरीची असते. रेंज शोधत राहणारा फोन लवकर उतरतो, म्हणून चालताना तो विमान मोडवर ठेवावा, आणि बसच्या वेळा व वाटेचा ढोबळ आराखडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. कपाळावर बांधायची विजेरी दुपारी परतायचे असले तरी सोबत असू द्या. उंचीबरोबर हवा गार होत जाते, दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश. वर वारा असतो तो वेगळाच. शिट्टीही घ्यावी : मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबणे हा मदतीचा संकेत गिर्यारोहक ओळखतात, आणि त्याला उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येते. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे घरी एकाला सांगून निघा. आणि उतरल्यावर बसमध्ये डुलकी लागण्याआधी त्याला फोन करा.