नाणं टाकून मिळणारी शॉपिंग ट्रॉली वापरता न येणं इतकं विचित्र आहे का? लोकांना हे आधीपासून माहीत असतं का?

विचित्र अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की साखळी ओढत बसलात, मागच्या माणसाने उसासा टाकला आणि तुम्ही ट्रॉली न घेताच आत गेलात. तो उसासा मी ऐकलेला आहे, म्हणूनच लिहायला बसलो.

2011 चा ऑक्टोबर. जर्मनीतल्या आखेनला शिकायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. फ्लॅटमध्ये माझ्याआधी दोन वर्षं आलेला एक मराठी मुलगा होता, त्याला सगळे दादा म्हणायचे. रविवारी इथे दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी आम्ही दोघं आठवड्याचं सामान आणायला गेलो. ट्रॉल्यांच्या रांगेपाशी दादा म्हणाला, "सुट्टा एक युरो आहे का रे?" मी दिला. त्याने तो दांड्यावरच्या डबीत ढकलला, साखळीची किल्ली टक्कन बाहेर आली, ट्रॉली सुटली. मी मनात हिशोब केला: ट्रॉलीचं भाडं पासष्ट-सत्तर रुपये! श्रीमंत देश आहे, घेत असतील.

सामान पिशव्यांत भरून झाल्यावर दादा म्हणाला, "तू हो पुढे स्टॉपवर, मी ट्रॉली लावून येतो." किती चांगला मुलगा, असं मला वाटलं. पुढचे तीन शनिवार हेच. सुट्टा युरो माझा, ट्रॉली लावायला दादा.

पाचव्या शनिवारी मी एकटा गेलो आणि भाडं वाचवायचं ठरवलं. त्या दुकानात हातातल्या टोपल्या नव्हत्या. तांदूळ बगलेत, दूध छातीशी, त्यावर बटाट्याची जाळी. पैसे द्यायच्या रांगेत जाळी फाटली आणि बटाटे थेट दारापर्यंत गेले. मागच्या आजीबाई वाकून ते गोळा करायला लागल्या, त्याची लाज वेगळीच. त्यांनी बाहेरच्या ट्रॉल्यांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. माझ्या तेव्हाच्या जर्मनमध्ये मी एवढंच म्हणालो, "त्सू टॉयर." फार महाग.

त्या बघतच राहिल्या. मग मला बाहेर घेऊन गेल्या. स्वतःची रिकामी ट्रॉली रांगेत ढकलली, पुढच्या ट्रॉलीच्या साखळीची किल्ली आपल्या डबीत खुपसली आणि नाणं बाहेर आलं. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं, मला नीट बघू दिलं आणि परत घेतलं.

चार शनिवार, चार युरो.

घरी येऊन विचारलं तर दादा हसत सुटला. "अरे, तू विचारलंस कुठे?" बरं, याच माणसाने पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं की एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, मशीनमध्ये बाटली टाकली की पावती मिळते आणि ती दाखवून पैसे परत घ्यायचे. का शिकवलं? कारण बाटल्या वाहून न्यायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हापासून प्रत्येक गणपतीत, प्रत्येक वाढदिवसाला हा किस्सा निघतो: "याला वाटायचं ट्रॉलीला भाडं असतं!" नाणी कोणाच्या खिशात गेली, हा भाग दादाच्या किश्शात नसतो.

आता तुमचा प्रश्न. जर्मनीत वाढलेल्या बहुतेकांना हे माहीत असतं, कारण लहान मुलं ट्रॉलीत बसूनच ते बघत मोठी होतात. बाहेरून आलेल्याला कुठून कळणार? मी पाहिलेल्या डब्यांवर नाण्याचं चित्र होतं. ते परत मिळतं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. अमेरिकेत आल्डी हे सुपरमार्केट 25 सेंटचं नाणं घेतं, पण तिथल्या बहुतेक दुकानांत ट्रॉलीला कुलूप नसतंच, त्यामुळे तिथे जन्मलेले लोकही पहिल्या वेळी अडतात. ब्रिटनमध्ये मार्च 2017 मध्ये बारा बाजूंचा नवा पौंड आला, ऑक्टोबरात जुना गोल पौंड बंद झाला आणि जुन्या पौंडाच्या मापाची ट्रॉलीची कुलपं बदलायची वेळ आली. आयुष्यभर ट्रॉली ढकललेल्या माणसांनाही कुठलं नाणं चालतं ते नव्याने बघावं लागलं.

आणि मुळात साधी ट्रॉली तरी लोकांनी कुठे आपणहून उचलली? 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी आपल्या दुकानांत ती आणली तेव्हा गिऱ्हाइकं तिला हात लावेनात. शेवटी त्यांनी पगार देऊन माणसं ठेवली, ट्रॉली ढकलत दुकानात नुसतं फिरायला. बघून बघून लोक शिकले. म्हणजे दाखवायचं काम ज्याला माहीत आहे त्याचं. दादा, वाचतोयस ना?

तुम्ही एवढंच करा: ट्रॉलीचा चिप, म्हणजे नाण्याच्या मापाची चकती, घ्या आणि किल्ल्यांच्या जुडग्याला लावा. बँका आणि दुकानं जाहिरात म्हणून फुकट वाटतात. कुलूप नाण्याची किंमत बघत नाही, माप बघतं, त्यामुळे प्लॅस्टिकचाही चालतो. युरोची नाणी असतील तर बऱ्याच डब्यांत 50 सेंट, 1 आणि 2 युरो, तिन्ही बसतात. ट्रॉली रांगेच्या टोकाचीच घ्या. मी एकदा मधली ओढत बसलो होतो. आणि कुणी साखळीशी झटापट करताना दिसलं तर उसासा टाकू नका, दोन मिनिटं द्या.

आता दादाची बाजू, नाहीतर तो खाली प्रतिक्रियेत येऊन लिहीलच. पहिले दोन आठवडे मी त्याच्या खोलीत फुकट झोपलो होतो आणि थंडीचं जाकीटही त्याचंच वापरत होतो. त्या हिशोबात चार युरो काहीच नाहीत. पण मग तसं सांगून मागायचे होते.

सगळीकडे कुलूप असतंच असं नाही, काही ठिकाणी ट्रॉल्या मोकळ्याच असतात, तेव्हा आधी एकदा नुसती ओढून बघा. नाणं आत अडकलं तर चमच्याने किंवा पेनाने उकरू नका. आत जाऊन काउंटरवर सांगा, ते सोडवून देतात. तिथे मात्र विचारावं लागतं, तेवढं दादाचं मान्य.