हिरो म्हणाला म्हणून पोरं मत देतात का?

प्रश्न: ताई, आमच्या कॉलेजात मतदार जागृतीचा एक ग्रुप आहे, मी त्यात आहे. सरांचं म्हणणं एखाद्या मोठ्या स्टारकडून तीस सेकंदांचा व्हिडिओ मिळवायचा, पोरं आपोआप मतदानाला जातील. माझी मैत्रीण म्हणते काही उपयोग नाही, पोरं लाइक करतील आणि झोपून जातील. आमची निम्मी मीटिंग यातच संपते. सेलिब्रिटीच्या सांगण्यानं तरुणांचं मतदान खरंच वाढतं का? (एक विद्यार्थिनी, बी.ए. दुसरं वर्ष)

उत्तर: अगं दोघंही निम्मे निम्मे बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. यादीत नाव घालणं ही एक गोष्ट आणि त्या दिवशी उठून, आवरून, केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहणं ही दुसरी. पहिल्या कामात स्टारच्या शब्दाला बऱ्यापैकी वजन असतं. दुसऱ्यात ते फार हलकं होतं, आणि गंमत अशी की पहिल्या कामाचे आकडे दाखवून लोक दुसऱ्याचं श्रेय घेऊन टाकतात.

सगळ्यात जास्त चर्चा अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टची होते तर तिचंच घेऊ. 2018च्या ऑक्टोबरमध्ये तिनं पहिल्यांदा उघडपणे राजकारणावर पोस्ट टाकली, त्यात नाव नोंदवा असंही सांगितलं, आणि अमेरिकेतल्या व्होट डॉट ऑर्ग या संस्थेकडे 24 तासांत जवळपास 65 हजार नोंदण्या आल्या. 2023च्या सप्टेंबरमध्ये मतदार नोंदणी दिवसाला नुसती एक इन्स्टा स्टोरी टाकली तर त्या एका दिवसात 35 हजारांवर नोंदण्या झाल्या, त्यात 18 वर्षांची पोरं आदल्या वर्षीच्या दुपटीपेक्षा जास्त. मग 10 सप्टेंबर 2024ला रात्री ट्रम्प-हॅरिस डिबेट संपल्या संपल्या तिनं कमला हॅरिसना पाठिंबा जाहीर केला, सोबत सरकारी वेबसाइटची लिंक दिली, आणि 24 तासांत त्या लिंकवरून 4 लाखांवर लोक साइटवर गेले. हे आकडे सरांना दाखवलेस तर ते लगेच कुणाच्या तरी मॅनेजरचा नंबर शोधायला लागतील.

पण आता मैत्रिणीच्या बाजूनं बघ. साइटवर गेले म्हणजे नोंदणी केली असं नाही, आणि नोंदणी केली म्हणजे मत दिलं असंही नाही. आणि 4 लाख म्हणजे किती, तेव्हा टेलरचे इन्स्टावर फॉलोअर्स 28 कोटींच्या घरात होते (जगभरचे, त्यामुळे सगळे काही तिथले मतदार नव्हेत, मान्य). ज्यांनी नोंदणी केली त्यातले काही तर तसेही आठ-पंधरा दिवसांत करणारच होते, पोस्टमुळे आज केली इतकंच. आणि शेवटी नोव्हेंबरमध्ये काय झालं? टफ्ट्स विद्यापीठातलं सर्कल नावाचं केंद्र तरुणांच्या मतदानाचाच अभ्यास करतं, त्यांच्या अंदाजाप्रमाणे 18 ते 29 वयोगटात 2020ला साधारण 50 टक्के मतदान झालं होतं आणि 2024ला 47. इतका गाजावाजा होऊन टक्का खालीच आला. याचा अर्थ तिच्यामुळे कमी झालं असा मुळीच नाही हं, निवडणुकीचा टक्का वरखाली व्हायला छप्पन्न कारणं असतात, पण एक पोस्ट आली आणि लाट आली असंही काही दिसत नाही.

असं का होतं ते समजून घ्यायचं तर रात्री साडेअकराला पांघरुणात पडल्या पडल्या रील बघणारा एकोणीस वर्षांचा मुलगा डोळ्यासमोर आण. त्याच्या आवडत्या स्टारनं सांगितलं, लिंक दिली, यानं अंगठा दाबला. फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख भरली, मग पत्त्याचा पुरावा मागितला, तो घरी आईच्या कपाटात आणि हा राहतो रूमवर. फोटो अपलोड करायला गेला तर साइज जास्त आहे म्हणून लाल अक्षरात मेसेज. बॅटरी नऊ टक्के. उद्या करू म्हणाला आणि पुढच्या रीलवर गेला, तो उद्या काही उगवत नाही. आता यात त्या स्टारचा काय दोष, त्यानं ढकलायचं तेवढं ढकललं, पुढे हात धरायला कुणीच नव्हतं. तुमच्यासारख्या ग्रुपचं काम खरं म्हणजे इथे सुरू होतं.

हात धरणारं कुणी असेल तर मात्र चित्र बदलतं. ब्राझीलमध्ये 16 आणि 17 वर्षांच्यांना मत देता येतं पण सक्ती नाही. 2022च्या निवडणुकीआधी तिथल्या निवडणूक न्यायालयानं तरुणांसाठी मोठी मोहीम काढली, गायिका अनिट्टा त्यात हिरिरीनं उतरली, माझ्यासोबत फोटो पाहिजे तर आधी मतदार कार्ड काढलंय का सांगा असं तिनं जाहीर करून टाकलं, हॉलिवूडचे लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि मार्क रफालो पण ट्विट करत होते. जानेवारी ते एप्रिलमध्ये 16 ते 18 वयाचे 20 लाखांवर नवे मतदार यादीत आले, 2018च्या त्याच चार महिन्यांपेक्षा सुमारे 47 टक्के जास्त. पण बघ, अर्ज ऑनलाइन करता येत होता, शेवटची तारीख 4 मे ही ठरलेली होती आणि सगळे तीच तारीख सांगत होते, आणि मोहिमेमागे प्रत्यक्ष निवडणूक यंत्रणा उभी होती. हे सगळं असेल तेव्हा स्टार कामाला येतो. नुसतं "मतदान करा, देश घडवा" म्हणणारा व्हिडिओ असेल तर मी तुझ्या मैत्रिणीच्या बाजूची.

म्हणून सरांना म्हणावं व्हिडिओ मिळाला तर जरूर घ्या पण तो नोंदणीची मुदत संपायच्या आठ दिवस आधी टाका, त्यात तारीख आणि लिंक असू द्या, आणि त्याच आठवड्यात कँटीनबाहेर टेबल टाकून दोन लॅपटॉप ठेवा. अमेरिकेत हेडकाउंट नावाची संस्था गाण्यांच्या कार्यक्रमात जागेवरच असं टेबल टाकते, स्टेजवरून गायक सांगतो आणि बाहेर पडतानाच नोंदणी होऊन जाते. व्हिडिओ नाही मिळाला तरी टेबल टाकाच.

प्रश्न: आपल्याकडे सचिन तेंडुलकर निवडणूक आयोगाचा नॅशनल आयकॉन (म्हणजे मतदार जागृतीचा चेहरा) होता तरी 2024ला मतदान 2019पेक्षा कमी झालं. मग हे आयकॉन वगैरे बंद करायला नको का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, आकडे तुमचे बरोबर आहेत. 2019च्या लोकसभेला 67.40 टक्के, 2024ला केंद्रांवरचं मतदान 65.79 टक्के, आणि सचिन ऑगस्ट 2023मध्ये आयकॉन झाला. पण त्यावरून सचिन फेल गेला असं म्हणणं जरा जास्तच कडक होईल. हा सगळ्या वयाच्या मतदारांचा टक्का आहे, एकट्या तरुणांचा नाही. आणि 2024ला ऊन होतं, सात टप्पे होते, शहरातले मतदार जसे नेहमी घरी बसतात तसे बसले.

माझी तक्रार वेगळी आहे. आयकॉन निवडताना आयोगाला सगळ्यांना चालणारा माणूस लागतो, कुणाचाच पक्ष न घेणारा. ते बरोबरच आहे, आयोगाला दुसरं काही करताच येणार नाही. पंकज त्रिपाठी 2022मध्ये आयकॉन झाले आणि सिनेमात एका राजकीय नेत्याची भूमिका केली म्हणून जानेवारी 2024मध्ये त्या पदावरून बाजूला झाले, इतकं सांभाळावं लागतं. पण सगळ्यांना चालेल असं बोलायचं म्हटलं की बोलणं गुळगुळीत होतं, आणि विशीतल्या पोराला गुळगुळीत बोलणं दोन सेकंदांत ओळखता येतं. उलट पक्ष घेऊन बोललं तर परिणाम दिसतो पण तो एका बाजूला जातो. अमेरिकेतली टीव्ही होस्ट ओप्रा विन्फ्रीनं ओबामांना पाठिंबा दिला त्यावर क्रेग गार्थवेट आणि टिमोथी मूर या दोन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, त्यांच्या हिशोबानं 2008च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ओबामांना त्यामुळे साधारण 10 लाख मतं मिळाली. तिथे ती काय घ्यायचं, काय वाचायचं हे वर्षानुवर्षं लोकांना रोज सांगत आली होती, सवय होती ऐकायची.

आणखी एक, बोलणाऱ्याला स्वतः शाईचं बोट दाखवता आलं पाहिजे. मार्च 2019मध्ये पंतप्रधानांनी ट्विट करून बऱ्याच कलाकारांना मतदान जागृती करायला सांगितलं, त्यात अक्षय कुमारही होता, आणि मतदानाच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष गेलं ते त्याच्याकडे कॅनडाचं नागरिकत्व असल्यानं त्याला मतच देता येत नाही यावर. पुढे 2023ला त्याला भारताचं नागरिकत्व मिळालं आणि 2024ला त्यानं मतदान केलं, शाई लावलेलं बोट दाखवलं. पण तोवर 2019चे मीम्स फिरून झाले होते. तर बंद नको करायला सर, पण आयकॉनवर सगळा भार टाकू नये.

प्रश्न: माझे फॉलोअर्स फक्त साडेचार हजार, तेही बहुतेक ओळखीचेच. मी मतदानावर रील करून काही फरक पडेल का? उगाच ज्ञान पाजळतोय असं वाटतं. (एक तरुण)

उत्तर: अरे ओळखीचे आहेत हीच तर तुझी ताकद! 2010ला फेसबुकनं अमेरिकेत 6 कोटींवर लोकांवर एक प्रयोग केला. काहींना नुसता "आज मतदान आहे" असा संदेश दाखवला, काहींना तोच संदेश पण सोबत मत दिलेल्या मित्रांचे फोटो. नुसता संदेश बघणारे आणि काहीच न बघणारे यांच्या मतदानात फरकच नाही. मित्रांचे फोटो बघणारे किंचित जास्त गेले, टक्क्यात फारच बारीक, पण एवढ्या कोट्यवधींमध्ये अप्रत्यक्ष परिणाम धरून ते सुमारे 3 लाख 40 हजार जादा मतं भरली, आणि त्यातही जवळच्या मित्रांचा वाटा मोठा.

तिथल्याच मिशिगन राज्यात 2006ला तर संशोधकांनी घरोघरी पत्रं पाठवली, त्यात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही ते छापलेलं, आणि या वेळचंही कळवू अशी तंबी. मतदान 8 टक्क्यांनी वाढलं. हे तू करू नकोस, सोसायटीच्या ग्रुपमधून काढतील.

रील कर, पण ज्ञान नको. तू स्वतः यादीत नाव कसं शोधलंस ते स्क्रीन रेकॉर्ड करून टाक, कुठे अडलास तेही दाखव. आणि खरं काम आदल्या रात्री कर. 2008ला पेनसिल्व्हेनियात मतदारांना फोन करून किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल एवढंच विचारलं तर मतदान सुमारे 4 टक्क्यांनी वाढलं, आणि ज्यांच्या घरात ते एकटेच मतदार होते त्यांच्यात तर दुपटीहून जास्त. रूमवर एकटी राहणारी पोरं यातच येतात. तेव्हा स्टोरीवर "मत द्या" लिहून सोडू नकोस, तुझ्या ओळखीतल्या पंधरा-वीस जणांना वेगवेगळा मेसेज टाक: उद्या किती वाजता निघतोयस? ज्याचं उत्तर येणार नाही त्याला सकाळी फोन.