नेटवर्क स्विचचा एक पोर्ट सारखा अप-डाउन होतो, वेगही १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. दुकानदार म्हणतो स्विच गेला. बदलू का, आणि कोणता घेऊ?

नका बदलू. पोर्टचे एरर काउंटर (खराब आलेल्या डेटाची मोजणी) पाहिल्याशिवाय तर मुळीच नका. ‘स्विच गेला’ हे वाक्य मी रत्नागिरीत एकदा मान खाली घालून ऐकून घेतलंय, पुन्हा ऐकणार नाही.

मिरकरवाड्याच्या बाजूला मासळीच्या एका कारखान्यात वजनकाट्याच्या पीसीचा पोर्ट असाच पडायचा-उठायचा. मुंबईहून आमचे सर फोनवर म्हणाले, "शंभर फुलवर लॉक कर." केला. म्हणजे स्विचचा पोर्ट १०० एमबीपीएस आणि फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी दोन्हीकडून बोलणं) पक्का बांधला. लिंक टिकली, सर खूश. पण पीसी ऑटोवरच होता, म्हणजे वेग समोरच्याशी बोलून ठरवणारा. समोरून ही बोलणी, म्हणजे निगोशिएशन, येईना, म्हणून तो हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकानेच बोलायचं) बसला. पिंग झकास, पण पावती सेव्ह व्हायला मिनिटभर. सीआरसी एररचे, म्हणजे खराब आलेल्या डेटाचे, आकडे बघता बघता चढत होते. मी ते सरांना पाठवले. उत्तर आलं, "स्विच बदल." नवा आला, त्यावर जुनीच कॉन्फिग चढवली, दुखणं तेच.

त्या रात्री मी आयओ बॉक्स (नेटवर्क केबलचा भिंतीवरचा सॉकेट) उघडला. जमिनीपासून वीतभर वर, खाली रोज पाणी मारून धुतली जाणारी लादी, दारातून खारा वारा. टॉर्च मारला तर जॅकच्या शेवटच्या दोन पिनांवर हिरवा थर. केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडी गेलेली. शंभरला १, २, ३ आणि ६ या पिना पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही जोड्या लागतात. निगोशिएशन मात्र त्या चार पिनांवरच होतं. म्हणून दोन्ही टोकं गिगाबिट ठरवायची आणि लिंक बसताना आपटायची. जॅक आणि पॅच कॉर्ड बदलली, लॉक काढला. गिगाबिट आला, काउंटर शून्यावरून हलला नाही.

रिपोर्टमध्ये मात्र ‘जुना स्विच सदोष’ असंच गेलं आणि पैसे कारखान्याने भरले. तो स्विच मी मागून घेतला. आजही माझ्याकडे चालतोय, २४च्या २४ पोर्ट.

तुम्ही आधी काउंटर शून्य करा, तासाभराने बघा. मग तीच केबल शेजारच्या पोर्टात घाला. दुखणं केबलबरोबर गेलं तर स्विचचा दोष नाही, टोकं कापून नवी मारा. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा. लॉक करून लिंक ‘स्थिर’ करून देणाऱ्याला रॅकला हात लावू देऊ नका, मग तो कितीही मोठा साहेब असो.

हां, विजा कडकडून गेल्यावर हे सुरू झालं असेल तर पोर्ट खरोखर जळलेला असू शकतो. तेव्हा केबलला दोष देत बसू नका. कोणता घ्यायचा ते त्यानंतर विचारा.