नुसतं फिरलं तर अपराधी का वाटतं?

"मॅडम, रिकामं बसलं की गिल्टी वाटतं." गेल्या काही महिन्यांत हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांकडून ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांची परवानगी घेतलीय, तपशील बदललेत.

बाई चाळिशीच्या, कोथरूडला घर, हिंजवडीत नोकरी. रविवारी दुपारी जरा आडव्या झाल्या तरी पोटात गोळा यायचा. लहानपणी आईचं एकच, "हातात काहीतरी घे, रिकामी काय बसतेस!" मी त्यांना एक काम दिलं. कॅम्पात रेसकोर्सजवळ एम्प्रेस गार्डन आहे ना, तिथे एकटीनं जायचं, तासभर, घड्याळ घरी आणि फोन पर्समध्ये.

पुढच्या वेळी आल्या त्या खूश. "दोन राउंड मारले मॅडम!"

"काय काय बघितलंत?"

गप्प. ३९ एकरांची बाग, आणि एक झाड आठवेना. मग हळूच म्हणाल्या, "पण १०,००० पावलं तरी झालीच पाहिजेत ना?"

मी कायम ज्याच्या शोधात असते तो हाच, 'झालीच' मधला हा सक्तीचा 'च'. मी सांगितलं, १०,००० चा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या अभ्यासातून आलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो आकडा होता. त्या हसल्या, पण 'च' काही हलला नाही. नुसत्या माहितीनं तो हलत नाही, अनुभव लागतो.

तिसऱ्या खेपेला तो अनुभव आला. बागेत जुने महावेल आहेत, माणसाच्या मांडीएवढे जाड, या झाडावरून त्या झाडावर पीळ घालत गेलेले. यांनी एकाच्या बुंध्याला हात लावला आणि शेंडा शोधायला निघाल्या. मान वर करून, मधेच चुकत, परत मागे येत, पुन्हा बुंध्यापासून सुरुवात.

"शेंडा सापडलाच नाही मॅडम," त्या म्हणाल्या, डोळे भरलेले. "आणि मला राग नाही आला स्वतःचा."

मी बराच वेळ काही बोलले नाही. मला लख्ख दिसलं की 'काम पूर्ण' आणि 'मी चांगली' या दोन गोष्टींची यांच्या मनात लहानपणीच गाठ बसलीय आणि आज काम अर्धवट राहूनही त्या चांगल्याच राहिल्यात. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे क्षण मोजकेच येतात, हा मी जपून ठेवलाय.

तुम्हालाही असं होत असेल तर अपराधी वाटायला लागल्यावर लगेच उठू नका. मनात जे वाक्य चालू असेल त्यातला 'च' शोधा, "काहीतरी केलंच पाहिजे" च्या जागी "केलं तर बरं, नाही केलं तरी चालेल" असं सरळ मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा खोटं वाटेल, वाटू दे. मात्र झोप, भूक उडून दोन आठवडे झाले असतील तर बागेच्या आधी डॉक्टरांकडे जा.

आणि जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा नको, फार गर्दी होते. एरवीच्या एखाद्या सकाळी जा.