टीव्हीवरच्या कॉमेडी क्लिप बघून रोजच्या वापरातले इंग्लिश शब्द येतात का?

हो येतात, पण क्लिप दोन-तीन मिनिटांचीच घ्यायची आणि तीच तीनदा बघायची, एकामागून एक नुसत्या बघत बसलात तर हसणं होतं, शब्द राहत नाहीत. मी सांगलीत विश्रामबागला स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते, त्यावरनं सांगतेय.

- आधी इंग्लिश सबटायटल लावून (मराठी नको, डोळे तेच वाचतात आणि कान बंद होतात)
- मग सबटायटल काढून
- मग दर वाक्याला थांबवून मोठ्यानं म्हणत

वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य लिहा, कारण रोजच्या बोलण्यात साधेच शब्द जोडून अर्थ बदलतो, ‘रन’ म्हणजे पळणं सगळ्यांना माहितीय पण ‘वी रॅन आउट ऑफ शुगर’ म्हणजे साखर संपली, हे रिकामा डबा हातात घेतलेला माणूस दिसला की कायमचं डोक्यात बसतं. मिस्टर बीन यासाठी घेऊ नका, त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. फक्त एक, अमेरिकन मालिकेत लिफ्टला एलिव्हेटर म्हणतात ते चालेल, पण मित्रामित्रांतली टपोरी भाषा इंटरव्ह्यूला अजिबात वापरू नका.