१९३० च्या सोलापूरवर चित्रपट काढला, तर वेशभूषेत आणि देखाव्यात हमखास कुठे चूक होईल?

झेंड्यात. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला, तेव्हा लोकांच्या हातात असलेला तिरंगा आजच्यासारखा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यावर चरखा. केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम काँग्रेसने १९३१ मध्ये स्वीकारला, आणि चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं ते थेट १९४७ मध्ये. म्हणजे त्या काळच्या मोर्चात केशरी पट्टा दिसला की तिथेच थांबून विचारावं. सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले, तेव्हाही केशरी पट्ट्याचा झेंडा आलेला नव्हता. ज्या झेंड्याच्या ओढीने माणसं रस्त्यावर उतरली, तो तरी पडद्यावर बरोबर हवाच.

दुसरी गोष्ट कापडाची. नायलॉनचा शोध १९३५ चा, पॉलिस्टर त्याहून नंतरचं. त्यामुळे गिरणी कामगारांच्या बायका चकाकणाऱ्या सिंथेटिक साड्यांत दाखवणं चूकच. सुती लुगडं हवं. गांधी टोपी मात्र बिनधास्त वापरा, ती १९२० च्या सुमारासच रुळली होती.

आणि सोलापूरची गर्दी एकाच साच्यातली नको. इथे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, विणकरांत तर तेलुगू पद्मशाली मोठ्या संख्येने. सगळ्यांच्या तोंडी पुणेरी मराठी घातली, तर कपडे कितीही अचूक असले तरी ते सोलापूर वाटणार नाही.