चौकटीवरची खूण

प्रिय पोरा,

पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. ते तुझ्या बापाच्या हातून तुझ्याकडे येईल. त्यानं वाचलं तरी चालेल, किंबहुना वाचावंच. त्याच्याबद्दलही यात थोडं आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही सगळी पोरं मळ्यात आलात. रस-मांडे हाणून झाले आणि पंपाच्या हौदात उड्या सुरू झाल्या. तू एकटाच बनियन घालून उतरलास. का, ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण निघताना तू गाडीजवळ येऊन पुटपुटलास, "आबा, वर्गात माझाच आवाज अजून बारीक आहे. मी असाच राहणार का?" मी म्हटलं, "जा रे, काही होत नाही." आणि किक मारली.

पस्तीस वर्षं शाळेत खेळाची शिट्टी फुंकलेल्या, तुझ्या बापालाही शिकवलेल्या माणसाचं हे उत्तर. घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटली. मलाही त्या वयात सगळे हेच म्हणत होते, "काही होत नाही." तेव्हा आता वयात येताना काय होतं, कधी होतं, ते नीट सांगतो.

तू उलट्या टोकाकडून बघतोयस. आवाज आणि मिसरूड ही सुरुवात नव्हेच, ती वरातीच्या मागून चालणारी मंडळी. मुलगा वयात येऊ लागल्याची पहिली निशाणी म्हणजे अंडकोष आकारानं वाढायला लागतात. हे बाहेरून दिसत नाही आणि बहुतेक पोरांच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. डॉक्टरांकडे त्यासाठी एक माळ असते. बारा लंबगोल मणी, 1 मिलिलिटरपासून 25 पर्यंत. झुरिकच्या प्राडर नावाच्या डॉक्टरांनी ती बनवली. 4 चा मणी जुळला की गाडी स्टेशनातून सुटली असं समजायचं. मग केस येतात, मग उंचीची झेप, आवाज फुटणं साधारण त्याच सुमारास किंवा जरा मागून, आणि मिसरूड सगळ्यांत शेवटी, तीही आधी ओठांच्या दोन कोपऱ्यांवर. हे सगळं पुरं व्हायला दोन ते पाच वर्षं जातात. म्हणजे तुझं काम कदाचित वर्षापूर्वीच सुरू झालं असेल आणि तू गळ्यावर हात ठेवून वाट बघत बसला असशील.

आता कधी. मुलांमध्ये ही सुरुवात वयाच्या 9 ते 14 या पाच वर्षांत कधीही होते. पुष्कळांची साडेअकरा-बाराच्या सुमारास. पाच वर्षांचा पल्ला म्हणजे किती, बघ. तेवढ्यात चौथीतलं पोर नववीत जातं. एकाच बाकावर एक दाढी खाजवणारा आणि दुसरा अजून आईकडून डोक्याला तेल चोळून घेणारा बसलेला असतो, आणि दोघंही ठणठणीत असतात. तू तेरा वर्षं दोन महिन्यांचा आहेस. पल्ल्याच्या शेवटाकडे असलास तरी आतच आहेस रे, काठ ओलांडलेला नाहीस.

तू केळीच्या घरातला आहेस म्हणून एवढंच सांगतो. टिश्यूची रोपं लावली की बाग जवळजवळ एकदम निसवते. कंद लावलेली बाग तशी निसवत नाही. एकाचा घड लोंबायला लागतो तेव्हा शेजारचं झाड नुसती पानं सोडत असतं. तुझा आजा अशा झाडाला कधी कुऱ्हाड लावायला गेला नाही. माणसं कंदाचीच असतात. असो, उपमा पुरे.

मळ्यातल्या खोलीची सागवानी चौकट तू पाहिलीस, पेन्सिलीच्या रेघांनी भरलेली. ती शाळेतल्या खेळाच्या सामानाच्या खोलीची. खोली पाडली तेव्हा भंगारवाल्याला दीडशे रुपये देऊन मी ती बैलगाडीत घालून आणली. बायको अजून टोमणे मारते. तिच्यावर तुझ्याही दोन खुणा आहेत, गेल्या आखाजीची आणि या आखाजीची. तू गेल्यावर पट्टी लावून पाहिलं: 5 सेंटीमीटरला जरा कमी. वयात येण्याआधी पोरं वर्षाला साधारण तेवढीच वाढतात, आणि झेप लागण्याच्या अलीकडे थोडी मंदावतातही. एकदा झेप लागली की ऐन भरात वर्षाला 9-10 सेंटीमीटर. मुलींना ती दोनेक वर्षं आधी लागते, म्हणून सातवीत त्या तुमच्या डोक्यावरून बघतात. आणि पावलं आधी वाढतात. नवी चप्पल चार महिन्यांत करकचली तर बापाच्या शिव्या खा आणि मनात हस.

तर मागची खूण बघ. शेजारच्याची नको. तुझ्या त्या मित्राला सहावीत मिसरूड फुटली म्हणून तो जिंकलेला नाही. लवकर सुरू झालेला पुष्कळदा लवकर थांबतो. त्याचं दुःखही वेगळं आहे, अकरा वर्षांच्या पोराला सगळे "घोड्या एवढा झालास" म्हणून बोलतात. त्यानंही त्याची मागची खूण बघावी.

तुला वाटेल, आबा शहाणपण शिकवतोय. शहाणपण कुठलं! माझ्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1959 आहे. आमच्या पिढीत निम्म्या खान्देशाचा वाढदिवस 1 जूनलाच असतो, कारण गुरुजी शाळेत नाव घालताना सोयीची तारीख टाकून द्यायचे. त्या तारखेमुळेच मी 2017 च्या 31 मेला निवृत्त झालो. आई सांगायची, तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, आणि साल धरलं तर 1960 चा. म्हणजे दाखल्यानं मला सव्वा वर्षानं थोरला केला होता. 1975 च्या हिवाळ्यात मी कागदावर साडेसोळाचा आणि अंगानं सव्वापंधराचा होतो. आवाज फुटलेला नव्हता. कबड्डीचा दम घेताना माझा "कबड्डी कबड्डी" ऐकून पोरं हसायची.

आठवडी बाजारात एक वैदू बसायचा. पिवळा कापडी तंबू, बाटल्यांत मुळ्या आणि भिंतीला टेकवलेला पहिलवानाचा फोटो. चाळीस रुपयांना त्यानं एकवीस पुड्या दिल्या, काळसर भुकटी, दुधातून घ्यायची. चाळीस रुपये कुठून आणले? बापाच्या कोटातून, कापसाच्या पैशातून. तोंड आलं, पोटात आग पडली, पावसाळ्यापर्यंत धड भाकरी गेली नाही. ते मेलं जाऊ दे. पैसे कमी भरले तेव्हा बापानं सालदारावर संशय घेतला. मी ओट्यावर उभा होतो. एक शब्द बोललो नाही. त्या आखाजीला सालदारकीचं वर्ष संपलं आणि बापानं त्याला पुन्हा ठेवलं नाही. तो बायको-पोरं आणि दोन गाठोडी घेऊन गेला, मला "येतो हां, दादा" म्हणून गेला. पुढच्या दिवाळीत माझा आवाज फुटला, आपोआप, पुडीविना.

त्या माणसाचं गाव मला माहीत होतं. सायकलनं तासाभराच्या अंतरावर. मी गेलो नाही. नोकरी लागल्यावरही गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो, असं मी स्वतःला पन्नास वर्षं सांगतोय.

म्हणून जळगाव-भुसावळच्या रुळांकडेच्या भिंतींवर "मर्दानी ताकद", "गुप्तरोग" असं रंगवलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. त्यांचा सगळा धंदा तू शेजाऱ्याकडे बघतोस यावर चालतो. झोपेत वीर्य जातं त्याला लोक स्वप्नदोष म्हणतात. दोष कसला? शरीर कामाला लागल्याची ती पावती आहे. त्यानं ना ताकद जाते, ना उंची खुंटते. कुणाच्या छातीत, स्तनाग्राखाली, रुपयाएवढी गाठ येते, शर्ट लागला तरी दुखते. वयात येताना निम्म्याअधिक मुलांना कमी-जास्त होते ही गोष्ट, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत विरून जाते. दोन अंडकोषांपैकी एक खाली असतो, बहुधा डावा. बहुतेकांचा असतोच. आणि जिममध्ये कुणी "कोर्स", म्हणजे स्टिरॉइडची इंजेक्शनं, सुचवला तर तिथून सरळ घरी ये. त्या इंजेक्शनांनी दंड फुगतात आणि हाडांच्या टोकांची वाढीची जागा मुदतीआधी बंद होते. दोन वर्षांची घाई करून आयुष्यभराची उंची घालवायची, हा कुठला हिशेब?

आता तुझ्या बापाचं. वाचतोयस ना रे?

1997 साली 14 वर्षांखालचा संघ तालुक्याला न्यायचा होता. बारा जणांची यादी. तुझा बाप तेव्हा वर्गात सगळ्यांत बुटका, पण पायाला चपळ. टाचेला हात लावून असा निसटायचा की धरणाऱ्याच्या हातात धूळ राहायची. मी त्याला चौकटीला उभा केला, खूण केली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "अजून धाकला शे, पुढला साले देखू." पोरं हसली. तो दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला नाही.

मी काय करायला हवं होतं, सांग. समोरच्या संघात दोन पोरं अशी होती की त्यांना दाढीचं ब्लेड द्यावं. नियमात वय असतं, अंग नसतं. चौदाच्या आत झेप संपवलेलाही बसतो आणि झेप न लागलेलाही. त्या धडधाकटांच्या पकडीत याला टाकला असता आणि खांदा निखळला असता तर तुझ्या आजीनं मला उभा चिरला असता. शिवाय त्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. हे सगळं खरं आहे. तरी "धाकला" हा शब्द सगळ्यांसमोर म्हणायची गरज नव्हती, हेही खरं. ज्याला हाच शब्द स्वतः खावा लागला होता, त्यानं तो दुसऱ्याच्या ताटात वाढला. दहावीच्या फोटोत तुझा बाप पुढच्या ओळीत मांडी घालून बसलाय, बघ एकदा. आणि आज माझ्या दारातून वाकून आत येतो.

फोटोचं सांगायचं कारण आहे. उशिरा वयात येणं पुष्कळदा घराण्यात असतं. मुलांना उशीर होण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण तेच, आणि तो आजार नव्हे. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात: वडिलांची उंची कधी वाढली, आईची पाळी कधी सुरू झाली. तेव्हा बापाला विचार. लाजेल, पण सांगेल.

पण घराण्यात आहे म्हणून डोळे मिटून बसायचंही नाही. चौदावा वाढदिवस उलटला आणि काहीच सुरुवात नाही, तर डॉक्टर. तुझी जन्मतारीख दवाखान्यातली आहे, आमच्यासारखी गुरुजींची नाही, म्हणून ती धरून चालता येतं. नवाच्या आत सुरुवात झाली तरी डॉक्टर. आणि वर्षभरात चौकटीवरची खूण 4 सेंटीमीटरही सरकली नाही, तर चौदाची वाट न बघता डॉक्टर. मी चार वर्षं नंदुरबारकडे आश्रमशाळेत होतो. तिथं काही पोरं वर्षानुवर्षं तेवढीच दिसायची, डोळे पिवळसर, सांधे धरून बसायची. मी त्यांना आळशी म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पुढे कळलं, सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. त्या आजारात वयात यायलाही उशीर होतो. पोट नीट भरत नसलं, थायरॉइड मंद असलं, जुनाट दुखणं असलं, तरी होतो. हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि "काही होत नाही" म्हणून तर मुळीच नाही.

बालरोगतज्ज्ञाकडे बापाबरोबर जायचं. ते तपासतील, बहुधा डाव्या हाताचा, मनगटाचा एक्स-रे काढतील. हाडाचं वय किती ते त्यावरून कळतं. क्रिकेटवाले पोरांचं वय पडताळायला हीच युक्ती वापरतात. तुला हिंगाचा, फुलांचा वास येतो का, असंही विचारतील. हसू नकोस, वास न येणं आणि वयात न येणं यांचा एका दुर्मिळ आजारात संबंध असतो. तपासायचा अधिकार डॉक्टरचा, तोही बाप खोलीत असताना. बाकी कुणी, मोठा मित्र असो, शिक्षक असो, नातेवाईक असो, "दाखव, मी सांगतो" म्हणाला, तर तिथून उठायचं आणि घरी येऊन सांगायचं. यात कसलीही भीडभाड नाही.

नववीत कबड्डी सोडायचा विचार आहे असं तुझी आई फोनवर म्हणाली. सोडायची तर अभ्यासासाठी सोड, मित्राच्या मिशीसाठी सोडलीस तर माझ्याशी बोलू नकोस.

दिवाळीत ये. सहा महिने झालेले असतील, मधली खूण करू. चपला बाहेर, टाचा चौकटीला टेकलेल्या, मान सरळ. पेन्सिल मी टोक करून ठेवतो. बापालाही आण. त्याची शेवटची खूण 1997 ची आहे, माझ्या छातीशी. तिच्यावरची जागा मी अजून कुणाला दिलेली नाही.

तुझा,
आबा